भैणी आणि मोरवड

नामधारी शिखांच्या धर्मसुधारणेचा इतिहास वाचू लागलो की आमच्या डोळ्यांपुढे सातपुड्याच्या पायथ्याचे मोरवड उभे राहते. पंजाबचे भैणी आणि नंदुरबार जिल्ह्यातील तळोदे तालुक्याचे मोरवड यांचा परस्परांशी कधी संबंध आला नाही. तरीही दोन्ही गावांची कथा विलक्षण सारखी आहे.

भैणीचे बाबा रामसिंग सुतार कुळातले. खालसा सैन्यात शिपाईगिरी करून ते गावी परतले. शीख राज्य लयास गेले होते आणि समाजात व्यसने व कर्मकांड बोकाळले होते. 1857 च्या वैशाखीला त्यांनी नामधारी पंथाची स्थापना केली. दारू वर्ज्य, मांस वर्ज्य, मुलींची हत्या महापाप, ही त्यांची शिकवण. 1863 मध्ये खोटे या गावी त्यांनी अल्प खर्चात, गुरुग्रंथाच्या साक्षीने विवाह लावले. सरकारने त्यांना भैणीतच स्थानबद्ध केले. जानेवारी 1872 मध्ये काही अनुयायांनी मलेरकोटल्यावर हल्ला केला. त्याला रामसिंगांची संमती नव्हती. तरी सुमारे 65 नामधाऱ्यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले आणि रामसिंगांची ब्रह्मदेशात रवानगी झाली. मागे पंथ सांभाळला तो धाकट्या भावाने.

आता मोरवडकडे वळू. 1938 साली हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. दारू आणि सावकारी कर्ज यांपायी भिल्लांच्या जमिनी जात होत्या. गावोगावी त्यांना अरेतुरे करण्याची रीत होती. अशा वेळी गुलाम महाराज या भिल्ल साधुपुरुषाने आरतीसाठी माणसे जमवली. दारू सोडा, स्वच्छ राहा, चोरी करू नका, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढेच त्यांचे सांगणे. ज्यांना कोणी कधी आदराने हाक मारली नव्हती, ते आपसांत आदराने बोलू लागले. हजारोंचे मेळे भरू लागले. त्याच वर्षी महाराज निवर्तले आणि धुरा आली त्यांच्या भावाकडे, रामदास महाराजांकडे.

त्यांनाही हद्दपारी चुकली नाही. 2 मार्च 1943 रोजी मोरवडकडे निघालेल्या त्यांच्या अनुयायांवर रावलापाणी येथे गोळीबार झाला. 15 आदिवासी ठार झाले.

दारू सोडणाऱ्या माणसाचे राज्यकर्त्यांना भय का वाटावे? आम्हांस वाटते, दारू सुटली की गुत्त्याचे उत्पन्न बुडते, हे कारण वरवरचे आहे. ज्याला स्वतःची किंमत कळली, तो मुकाट्याने मान खाली घालत नाही. भैणीतही हेच घडले आणि मोरवडातही.

पंजाबच्या हुतात्म्यांची नोंद इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत झाली. रावलापाणीचे नाव मात्र महाराष्ट्रातही थोड्यांनाच ठाऊक आहे. ही उणीव आपली आहे. सातपुड्यातील आप परिवाराची माणसे आजही भेटताच ‘आप की जय’ म्हणतात. त्या दोन अक्षरांचे मोल कोणी चुकवले, एवढे तरी आपल्या मुलाबाळांना सांगावयास हवे.