सणासुदीचे फोटो आणि मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ : गिरगाव ते लालबाग

मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ म्हणजे निवडक छायाचित्रांचा संच. तो पाहून कास्टिंग करणारी मंडळी कोणाला ऑडिशनला बोलवायचे ते ठरवतात. त्यात मेकअपशिवायचा चेहरा, दोन्ही बाजूंचे फोटो आणि पूर्ण उंचीचा फोटो हा पाया असतो. त्याच्या जोडीला पारंपरिक वेशातले दोन-तीन चांगले फोटो उपयोगी पडतात, कारण दागिने, साड्या, मिठाई यांच्या जाहिराती सणांच्या आसपास येतात. मुंबईत अशा फोटोंसाठी गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग हे भाग निवडले जातात.

सण दाखवायचा की चेहरा?

गुढीपाडव्याला गिरगावात निघणारी शोभायात्रा हे सर्वांत परिचित उदाहरण. नववर्ष स्वागतयात्रांची सुरुवात 1999 साली डोंबिवलीत झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. गिरगावच्या यात्रेत नऊवारी, फेटा, नथ आणि गॉगल अशा थाटात बुलेटवर निघालेल्या तरुणींचे फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकतात. बातमीसाठी तो फोटो उत्तम असतो, कारण त्यात सण दिसतो. पोर्टफोलिओत मात्र तोच फोटो अनेकदा निकामी ठरतो. गॉगलमुळे डोळे दिसत नाहीत, फेट्याची सावली कपाळावर पडते, आणि मागच्या गर्दीत नजर भरकटते. निवड करणाऱ्याला त्या व्यक्तीचा चेहरा, हावभाव आणि पेहराव वागवण्याची सहजता पाहायची असते.

म्हणून यात्रा सुरू होण्यापूर्वीची वेळ साधावी. पाडव्याच्या दिवसांत मुंबईत साडेसहा-पावणेसातच्या सुमारास उजाडते. त्यानंतरचा तासभर ऊन कोवळे असते आणि आडगल्ल्या मोकळ्या असतात. गॉगल काढून, फेटा थोडा मागे सरकवून घेतलेला एक फोटो यात्रेतल्या पन्नास फोटोंपेक्षा जास्त कामाचा असतो.

इतर सण, इतर प्रकाश

गणेशोत्सव ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. ढगाळ आभाळाचा प्रकाश सगळीकडे सारखा पडतो आणि चेहऱ्यावर कडक सावल्या येत नाहीत. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा उत्सव 1893 पासूनचा. चिंचपोकळीचा चिंतामणी 1920, गणेश गल्लीचा मुंबईचा राजा 1928 आणि लालबागचा राजा 1934 पासूनचा. या मंडपांत दर्शनाची रांग सतत पुढे सरकत असते. तिथे पोज देत थांबणे भाविकांना आणि कार्यकर्त्यांना अडचणीचे होते. त्यापेक्षा ओळखीच्या घरी, चाळीच्या गॅलरीत किंवा जिन्यात, आरतीचे ताट हातात घेऊन काढलेला फोटो अधिक बोलका होतो. मूर्तीला पार्श्वभूमीची वस्तू करू नये.

नवरात्रात रोज एका रंगाचे कपडे घालण्याची पद्धत ‘महाराष्ट्र टाइम्स’ने लोकप्रिय केली. नऊ दिवसांचे नऊ फोटो सोशल मीडियावर शोभतात, पण पोर्टफोलिओत तो एकच चेहरा नऊ वेळा ठरतो. आपल्या वर्णाला खुलणारा एक रंग निवडणे पुरेसे.

दिवाळीत दादरच्या शिवाजी पार्क परिसरात रोषणाई असते. या काळात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरची वीसएक मिनिटे आभाळ निळसर आणि कंदील उजळ असे दोन्ही एका फोटोत मिळतात. पूर्ण काळोख झाल्यावर फ्लॅश वापरला तर कंदिलाचा उजेड मारला जातो. पणत्यांजवळ बसताना पदर आणि केस ज्योतीपासून दूर ठेवावेत.

दादरचा फुलबाजार पहाटे रंगीत दिसतो खरा, पण ती व्यापाऱ्यांची ऐन धंद्याची वेळ असते. ढिगाऱ्यांमध्ये वाट अडवून उभे राहू नये, आणि कोणाचा चेहरा फोटोत येणार असेल तर आधी विचारावे.

पेहराव आणि दागिने

मराठी पद्धतीची नथ डाव्या नाकपुडीत घालतात. त्यामुळे चेहरा किंचित उजवीकडे वळवला की ती नीट दिसते. मोठी नथ ओठ झाकते. हसरा फोटो हवा असेल तर लहान नथ बरी. रेशमी साडीची जर भर उन्हात चमकते आणि फोटोत पांढरे डाग पडतात. सावलीत हा त्रास होत नाही. नेसलेली साडी आणि दागिने कायम ठेवूनही एकदा शांत, एकदा हसरा, एकदा चालतानाचा असे वेगळे भाव टिपता येतात.

परवानगी

हातातल्या कॅमेऱ्याने खासगी फोटो काढणे वेगळे. दिवे, स्टँड आणि चमू घेऊन रस्त्यावर किंवा मैदानात व्यावसायिक चित्रीकरण करायचे तर महापालिका आणि पोलिसांची परवानगी लागते. रेल्वे स्थानकासाठी रेल्वेची परवानगी वेगळी. गिरगावातली खोताची वाडी तिथल्या लाकडी घरांमुळे अनेकांना खुणावते, पण ती लोकांची राहती घरे आहेत. ओट्यावर बसण्यापूर्वी घरमालकाला विचारणे आवश्यक आहे.

फोटो कोणाचे?

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. मोबदल्याशिवाय, दोघांच्या सरावासाठी काढलेल्या फोटोंवर सामान्यतः छायाचित्रकाराचा हक्क राहतो. म्हणून फोटो कुठे वापरायचे, जाहिरातीसाठी विकायचे का, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. मॉडेल अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची सही घ्यावी आणि शूटच्या वेळी पालकांनी सोबत असावे.

काम मिळवून देण्याच्या आश्वासनावर एखाद्या एजन्सीने तिच्याच छायाचित्रकाराकडून महागडा पोर्टफोलिओ करून घेण्याची अट घातली, तर सावध व्हावे. एजन्सीची कमाई मिळालेल्या कामावरच्या कमिशनमधून व्हायला हवी.

फोटो कधी पाठवावेत?

दिवाळीच्या जाहिरातींचे चित्रीकरण दिवाळीच्या बरेच आधी उरकलेले असते. यंदाच्या दिवाळीत काढलेला फोटो प्रत्यक्षात पुढच्या वर्षीच्या कामासाठी असतो. तो पावसाळ्याच्या सुरुवातीला, अलीकडच्या साध्या फोटोंसोबत पाठवावा. मधल्या काळात केस किंवा वजन बदलले असेल, तर ते साध्या फोटोंत दिसायला हवे.