प्रारण संस्करण, रबर चिकाचे व नैसर्गिक बहुवारिकांचे

गॅमा किरण, उच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत यांसारख्या आयनीकारक (अणूतील इलेक्ट्रॉन सुटे करू शकणाऱ्या) प्रारणाच्या साहाय्याने बहुवारिकांच्या (लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या संयुगांच्या) संरचनेत इष्ट बदल घडवून आणण्याच्या क्रियेस प्रारण संस्करण म्हणतात. रबर, सेल्युलोज, स्टार्च, कायटिन, अल्जिनेट ही निसर्गात आढळणारी बहुवारिके होत. प्रारणाचा त्यांवरील परिणाम मुख्यत्वे दोन प्रकारचा असतो : शेजारच्या साखळ्या आडबंधांनी एकमेकींस जोडल्या जातात किंवा साखळ्या तुटून आखूड होतात. रबरात पहिली क्रिया प्रबळ असते, तर सेल्युलोजसारख्या शर्करायुक्त बहुवारिकांत दुसरी.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व हिवाळ्यात ठिसूळ होते. चार्ल्‌स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून हा दोष दूर केला. या क्रियेस व्हल्कनीकरण म्हणतात. गंधकाचे अणू रबराच्या साखळ्यांमध्ये आडबंध निर्माण करतात व त्यामुळे रबराला स्थितिस्थापकता व टिकाऊपणा येतो. पुढे ही क्रिया जलद व्हावी म्हणून कार्बनी प्रवेगके वापरात आली आणि शंभराहून अधिक वर्षे रबर उद्योग याच पायावर उभा राहिला.

गंधकाशिवाय आडबंध निर्माण करण्याची कल्पना जुनी आहे. इलेक्ट्रॉनांच्या झोताने रबराचे व्हल्कनीकरण करण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत १९३३ मध्ये देण्यात आले. परंतु त्या काळी पुरेसे शक्तिशाली प्रारण उद्‌गम उपलब्ध नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्या उभ्या राहिल्या व ही अडचण दूर झाली. अमेरिकेत माल्कम डोल व इंग्लंडमधील हारवेल येथे आर्थर चार्ल्‌सबी यांनी पॉलिएथिलिनावर अणुभट्टीतील प्रारणाचे प्रयोग केले. चार्ल्‌सबी यांचे १९५२ मधील संशोधन व १९६० मधील ग्रंथ यांमुळे या विषयास शास्त्रीय बैठक लाभली. तारांवरील विद्युत् निरोधक आवरणे व टायरांचे काही थर यांसाठी इलेक्ट्रॉन झोताचा वापर उद्योगात रूढ झाला.

रबराच्या झाडाचा चीक म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म रबरकणांचे दुधासारखे मिश्रण होय. केंद्रोत्सारणाने (वेगाने फिरवून) त्यातील रबराचे प्रमाण सु. ६० टक्क्यांपर्यंत वाढवितात. अशा चिकातून कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे गॅमा किरण जाऊ दिल्यास प्रत्येक कणाच्या आत आडबंध तयार होतात. मग साचा चिकात बुडवून वाळविला की कण एकमेकांस चिकटतात व पातळ पापुद्रा मिळतो. गॅमा किरणांमुळे चीक किरणोत्सर्गी होत नाही. मात्र नुसत्या चिकास लागणारी मात्रा सु. २५० किलोग्रे (२५ मेगॅरॅड) इतकी मोठी असल्याने हा व्यवहार परवडणारा नव्हता. सुग्राहक द्रव्ये मिसळून मात्रा कमी करण्याचे प्रयत्न झाले. प्रथम वापरलेले कार्बन टेट्राक्लोराइड विषारी असल्याने मागे पडले. त्याऐवजी एन-ब्युटिल ॲक्रिलेट थोड्या प्रमाणात मिसळल्यास सु. १५ किलोग्रे मात्रा पुरेशी होते, असे जपानमधील ताकासाकी येथील संशोधनातून दिसून आले.

या पद्धतीस १९८० नंतर विशेष महत्त्व आले. नेहमीच्या काही प्रवेगकांपासून नायट्रोसामाइने ही कर्करोगकारक मानली जाणारी संयुगे तयार होतात. अमेरिकेत बाळाच्या दुधाच्या बाटलीच्या रबरी बोंड्यांतील त्यांच्या प्रमाणावर १९८४ मध्ये मर्यादा घालण्यात आली. त्याच दशकात एड्सच्या प्रसारामुळे रुग्णालयांतील रबरी हातमोज्यांचा वापर झपाट्याने वाढला आणि परिचारिका व शल्यचिकित्सक यांच्यात रबराच्या अधिहृषतेच्या (ॲलर्जीच्या) तक्रारी वाढल्या. प्रारणित चिकात गंधक व प्रवेगके नसल्याने नायट्रोसामाइनांचा व प्रवेगकांमुळे होणाऱ्या त्वचादाहाचा प्रश्न उद्‌भवत नाही. तसेच तो जाळला असता सल्फर डाय-ऑक्साइड व राख कमी निघते. प्रथिनांमुळे होणारी तीव्र अधिहृषता मात्र केवळ प्रारणाने टळत नाही. प्रारणामुळे प्रथिने अधिक विद्राव्य होतात. ती पाण्याने नीट धुऊन काढली, तरच लाभ होतो.

रबर पिकविणाऱ्या आशियाई देशांना या संशोधनात रस होता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या प्रादेशिक सहकार्य योजनेखाली १९८३ मध्ये इंडोनेशियात जाकार्ता येथे प्रायोगिक संयंत्र उभारण्यात आले. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने रबर मंडळाने केरळमधील कोट्टयम येथे असे संयंत्र उभारले.

तरीही या पद्धतीने गंधकास बाजूस सारलेले नाही. प्रारणित पापुद्र्याचे ताणबल व फाटण्यास होणारा विरोध तुलनेने कमी असतो, उरलेल्या ॲक्रिलेटाचा वास राहतो आणि प्रारण संयंत्राचा भांडवली खर्च मोठा असतो. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सु. ५.२७ वर्षे असल्याने उद्‌गमात वेळोवेळी भर घालावी लागते. शिवाय प्रवेगकांत सुधारणा झाल्याने व कृत्रिम नायट्राइल रबराचे हातमोजे उपलब्ध झाल्याने स्पर्धा वाढली.

इतर नैसर्गिक बहुवारिकांत साखळ्या तोडण्याच्या गुणाचाच उपयोग करून घेतात. इलेक्ट्रॉन झोताने सेल्युलोजाच्या साखळ्या तुटतात, हे १९५२ मध्ये दाखविण्यात आले. कोळंबी व खेकडे यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान व सागरी शैवलांपासून मिळणारे अल्जिनेट आणि कॅरॅगीनन यांवर प्रारण पाडून मिळणारे लहान रेणू वनस्पतींची वाढ उत्तेजित करतात, असे आशियाई देशांतील प्रयोगांत आढळले आहे. सेल्युलोजाचे कार्बॉक्सिमिथिल अनुजात मात्र दाट लगद्याच्या रूपात प्रारणित केल्यास त्यात आडबंध निर्माण होऊन पाणी शोषणारा जेल मिळतो. पोलंडमधील वूच येथे यानुश रोशाक यांनी कृत्रिम बहुवारिक व अगर यांच्या मिश्रणापासून भाजलेल्या जखमांवरील जलजेल पट्टी तयार केली. तीत एकाच प्रारणक्रियेत जेल बनतो व त्याचे निर्जंतुकीकरणही होते.

भारतात वैद्यकीय वस्तूंच्या प्रारण-निर्जंतुकीकरणाचे आयसोमेड हे संयंत्र तुर्भे (मुंबई) येथे १९७४ मध्ये सुरू झाले. जखमेवरील जलजेल पट्ट्यांचे तंत्रही भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले. या विषयाचा इतिहास पाहता, प्रारण हे गंधकाचा स्वस्त पर्याय म्हणून नव्हे, तर जेथे पदार्थाचा शरीराशी प्रत्यक्ष संपर्क येतो व रासायनिक अवशेष नको असतात, तेथे अधिक उपयुक्त ठरते असे दिसते.