नव्या चष्म्याचे पहिले पंधरा दिवस

पनवेलहून नवा चष्मा लावून आपट्याच्या स्थानकावर उतरणाऱ्या एखाद्या आजोबांना कर्नाळ्याचा सुळका कधी नव्हे इतका रेखीव दिसतो. पण पायाखालचा फलाट मात्र खोल गेल्यासारखा वाटतो. अशा वेळी नंबर चुकला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. बहुतेकदा तसे नसते.

मान एका बाजूला वळली की डोळे तितकेच उलट दिशेला वळतात आणि समोरचे दृश्य स्थिर राहते. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा हे काम करते. या वळण्याचे प्रमाण मेंदूने जुन्या भिंगांच्या हिशेबाने बसवलेले असते. उणे नंबरचे भिंग वस्तू लहान दाखवते, अधिक नंबरचे मोठी. भिंग बदलले की जुना हिशेब चुकतो, जमीन हलल्यासारखी वाटते, डोके जड होते. सिलिंड्रिकल नंबरचा कोन बदलला असेल, तर सपाट फरशीही उतरती भासते.

मेंदू हा हिशेब नव्याने मांडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी जग उलटे दाखवणारे भिंग सलग आठ दिवस वापरले आणि त्या उलट्या जगात ते वावरू लागले. या प्रयोगाचा वृत्तांत त्यांनी 1897 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडे कृत्रिम भिंगरोपण सर्वत्र पोहोचण्यापूर्वी मोतीबिंदू काढलेल्या वृद्धांना अधिक 10 च्या आसपासचा जाड चष्मा मिळे. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत, दाराच्या चौकटी वाकत आणि बाजूने येणारे माणूस एकाएकी समोर प्रकटे. खेड्यापाड्यांतील कित्येक आजी तो चष्मा डबीत जपून ठेवत, त्यामागे हा त्रासही असे.

आज खरी कसोटी चाळिशीनंतरच्या बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह भिंगांची. त्यांचा खालचा भाग वाचनासाठी असतो; पायरी उतरताना नजर नेमकी त्याच भागातून जाते आणि पायरी धूसर होते. एसटीतून उतरताना हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून पाहावे. प्रोग्रेसिव्ह भिंगाच्या कडा अस्पष्टच असतात. तेथे डोळ्यांनी तिरके न पाहता मान वळवावी. ही काळजी क्षुल्लक नव्हे. सिडनीत सत्तरीपुढील 616 व्यक्तींच्या अभ्यासात डोळे तपासून गरजेनुसार नवे चष्मे दिलेल्या गटात पडण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. नंबरात एकदम मोठा बदल झाला असल्यास वृद्धांनी तो टप्प्याटप्प्याने करता येईल का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

चष्मा सकाळी उठल्यापासून लावावा. जुना-नवा आलटून पालटून वापरल्यास सवय लांबते. पहिले दोन-तीन दिवस दुचाकी चालवणे टाळावे. मुलांना सवय लवकर होते, पण मूल चष्म्यावरून पाहत असेल तर फ्रेम घसरते आहे काय, ते आधी पाहावे.

साधारण दोन आठवड्यांत त्रास ओसरतो. न ओसरल्यास दोष बहुधा बाहुल्यांमधील अंतर चुकीचे मोजल्याचा, फ्रेमच्या कलाचा किंवा नंबराचा असतो. दुकानात जाताना जुना चष्मा आणि नंबराचा कागद दोन्ही न्यावेत. दुहेरी दिसणे, डोळा दुखणे किंवा दृष्टी अचानक अंधारणे हे मात्र सवयीचे प्रश्न नव्हेत. त्यासाठी पंधरा दिवस न थांबता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.