सकाळची गोळी

आमच्या गटातली एक ताई मुलाला घेऊन शहरात तपासणीला गेली. घाईत सकाळची गोळी आधीच दिली. मग त्या दिवशी रक्त घेतलंच नाही. मुक्काम पडला, मजुरीही बुडाली. त्या गोळीचा इतिहास आज सांगतो.

१९६९ साली नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरची थोडी माती स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत पोचली. तिच्यातल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळालं. (हो, बुरशीतूनच!) १९७८ मध्ये इंग्लंडात ते किडनी आणि बोन मॅरो बदललेल्यांना देऊन पाहिलं. दुसऱ्याचा मॅरो घातला की त्याच्या पेशी कधी रोग्याच्याच कातडीवर, आतड्यांवर, लिव्हरवर उठतात. हे औषध त्यांना आवरतं.

पण ते जास्त झालं तर किडनी बिघडते, हेही तेव्हाच दिसलं. शिवाय तेवढाच डोस एकाच्या रक्तात जास्त उतरतो, दुसऱ्याच्या कमी. टीबीच्या रिफाम्पिसिनने तर फारच घटतो. म्हणून रक्तातलं औषध मोजू लागले, तेही पुढच्या डोसच्या आधी, ते सगळ्यात कमी असताना. गोळी आधी घेतली की आकडा फुगतो, आणि त्यावरून डोस कमी केला तर पेशी मोकाट सुटतात.

आता ताई गोळी भाकरीबरोबर पिशवीत नेते. रक्त दिलं की तिथेच बाकावर देते.