पँथर आणि पालिकेची खुर्ची



आमच्या वस्तीतला एक पोरगा नगरसेवकाला उभं राहायचं म्हणतोय. मोर्च्यात पुढं, लाठी खाताना पण पुढं, असा गडी. निम्मी पोरं म्हणतात, रहा उभा. निम्मी म्हणतात, आत गेला की संपला. भांडण माझ्यापर्यंत आलं. मी सूतगिरणीत तुटलेले धागे सांधणारा माणूस, पण रात्रपाळी सुटल्यावर वाचतो. वाचताना एक माणूस सापडला. चार्ल्स बॅरन. न्यूयॉर्कचा नगरसेवक, मग आमदार, मग परत नगरसेवक. आणि या सगळ्याच्या आधी ब्लॅक पँथर.

ब्लॅक पँथर १९६६ ला ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काढली. तेच नाव घेऊन १९७२ ला मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार आणि बाकीचे उठले, हे तुम्हाला सांगायला नको. बॅरन १९५० चा. १९६९ ला हार्लेममध्ये पँथर झाला. शाळा मधेच सुटलेली, नंतर बाहेरून परीक्षा देऊन कॉलेज केलं. बाबासाहेब १९१३ ला ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते या हार्लेमच्या शेजारीच आहे.

आपल्या पँथरनं जानेवारी १९७४ मध्ये मुंबईतल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार टाकला. वरळी पेटली, भागवत जाधव गेले. बॅरनची वाट उलटी. ब्रुकलिनमधल्या ईस्ट न्यूयॉर्क या काळ्या गरिबांच्या भागातून निवडून येऊन तो २००२ ला नगर परिषदेत बसला. एक्कावन्न जणांची परिषद.

सभागृहात कोण उभा? थॉमस जेफरसन. १७७६ ला सगळी माणसं समान म्हणून लिहिणारा, आणि आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलाम बाळगणारा. बॅरन म्हणाला, हा पुतळा इथून हलवा. लोक हसले. वीस वर्षं गेली. ऑक्टोबर २०२१ ला शहराच्या आयोगानं एकमतानं हलवायचं ठरवलं आणि नोव्हेंबरात जेफरसन पेटीत बंद होऊन बाहेर पडला. आपल्याकडं जयपूरच्या हायकोर्टाच्या आवारात १९८९ ला मनू उभा केला. २०१८ ला औरंगाबादकडच्या दोन बायांनी तिथं जाऊन त्याला काळं फासलं. त्यांच्याजवळ खुर्ची नव्हती, रंगाचा डबा होता. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो आणि मला झोप येत नाही.

२०१० च्या जानेवारीत बॅरन परिषदेच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. निकाल अठ्ठेचाळीस विरुद्ध एक. ते एक मत त्याचंच! उच्च शिक्षण समितीचं अध्यक्षपद होतं, तेही काढून घेतलं. त्याच वर्षी स्वतःचा फ्रीडम पार्टी नावाचा पक्ष काढून गव्हर्नरला उभा राहिला. पक्षाला मान्यता मिळायला तेव्हा पन्नास हजार मतं लागायची, मिळाली चोवीस हजारांच्या आसपास. २०१२ ला काँग्रेसच्या उमेदवारीसाठी हकीम जेफ्रीजकडून सपाटून हरला. तो जेफ्रीज पुढं तिथल्या डेमोक्रॅट खासदारांचा पुढारी झाला. पण बॅरनची जीभ कुणाला विकत घेता आली नाही. आमच्या वॉर्डातल्या एका जुन्या कार्यकर्त्याची जीभ एका टेंडरात गेली, म्हणून मला याचं अप्रूप.

आता कडू बोलतो. २००२ लाच बॅरननं मुगाबेला सिटी हॉलमध्ये बोलावून मान दिला. गोऱ्यांशी लढलेला, म्हणून आपला. पण याच मुगाबेच्या फौजेनं १९८३ पासून माटाबेलेलँडमध्ये हजारो काळे मारले होते. ती माणसं कुणाची? आपला म्हणून झाकायची सवय आपल्यालाही आहे, पोरांनो, तेव्हा दात काढू नका.

आणि दुसरं. तिथं एका खुर्चीवर सलग किती वर्षं बसायचं याला कायद्यानं मर्यादा आहे. बॅरनची मुदत २०१३ ला संपली, तर त्याच्या जागेवर त्याची बायको इनेझ आली. ती आधी आमदार होती. मग तिच्या आमदारकीच्या जागेवर २०१५ ला हा गेला. २०२१ ला तिची मुदत संपली, तर २०२२ ला हा परत परिषदेत. इनेझबाई शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, कर्तबगार बाई. जेफरसन हलला तेव्हा परिषदेत त्याच होत्या, रेटाही त्यांचाच. तरी वीस वर्षांत त्या वस्तीत तिसरा माणूस तयार झाला नाही काय? खुर्ची घरातल्या घरात फिरली. पुढारी आत जाऊन विकला गेला तर आपण शिव्या देतो. न विकता नुसता बसून राहिला तर काय करायचं, याचा विचार आपण केलेलाच नाही.

जून २०२३ ला पक्षातल्या प्राथमिक निवडणुकीत क्रिस बँक्सनं त्याला हरवलं. वय बहात्तर.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. त्यानं मुगाबेचं दोनदा विचारलं. मग म्हणाला, आधी आपल्यातल्या पाच जणांना पालिकेचं बजेट वाचायला शिकवू, उमेदवार कोण ते मागनं बघू. रविवारी समाजमंदिरात बसतोय.