बदलत्या संकेताची किल्ली

मोटार दुरून उघडणाऱ्या सुरुवातीच्या अनेक किल्ल्या दर वेळी एकच संकेत पाठवीत. तो कोणी टिपून पुन्हा पाठवला, की दार उघडे! १९८०च्या दशकाच्या मध्यास दक्षिण आफ्रिकेतील नॅनोटेक कंपनीत ‘कीलॉक’ पद्धत तयार झाली. तीत बटण दाबताच किल्लीतील गणक एकाने पुढे जातो आणि त्या आकड्यापासून गुप्त अंकाच्या साहाय्याने नवा संकेत बनतो. मोटारही आपली मोजणी ठेवते. वापरलेला संकेत ती पुन्हा स्वीकारत नाही.  साधारण १६ पावलांचा फरक मोटार चालवून घेते. त्यापुढे बहुधा सलग दोनदा बटण दाबून मेळ बसवावा लागतो.

ही पद्धत तरी अभेद्य होती का? २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिप काम करताना किती वीज खेचते, हे मोजून तिचा गुप्त अंक शोधला. २०११ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी बटणाविना उघडणाऱ्या १० मोटारी तपासल्या. घरातील किल्लीचा संदेश मोटारीपर्यंत नुसता पोहोचवला, की दहाही उघडत! संकेत फोडावाच लागला नाही. अशी किल्ली रात्री घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी, ती यासाठीच. संकेत कितीही बदलला, तरी किल्ली खरोखर जवळ आहे का, हा प्रश्न उरतोच.