कुत्र्यातील जुनाट खोकला : उतारवयातील कारणनिश्चिती

कुत्र्याचा खोकला दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकला, तर पशुवैद्यकात तो जुनाट मानतात. लहान चणीची कुत्री साधारण दहाव्या वर्षानंतर वृद्ध गणली जातात. ग्रेट डेनसारख्या थोराड जाती सहा-सात वर्षांतच त्या वयाला पोचतात. तरुण कुत्रे खोकू लागले की आधी संसर्गाचा विचार होतो. वृद्ध कुत्र्यात मात्र हृदयाची झडप, श्वासनाल, तिचे फुप्फुसांत शिरणारे फाटे म्हणजे श्वासनलिका यांचे विकार, आणि फुप्फुसातील गाठ यांचा शोध घ्यावा लागतो. यांपैकी दोन विकार एकाच कुत्र्यात असणे अगदी नेहमीचे आहे. म्हातारपण हे खोकल्याचे कारण नाही. तसे समजून गप्प बसलेल्या घरांत उपचाराचे चांगले महिने वाया जातात.

पहिला प्रश्न, तो खरोखर खोकला आहे का, हा. उबळीच्या शेवटी कुत्रे मान खाली घालून ओकारी काढते आणि थोडा पांढरा फेस टाकते. त्यामुळे ‘उलट्या होतात’ किंवा ‘घशात हाड अडकलंय’ अशी तक्रार घेऊन लोक दवाखान्यात येतात. नाकातून घुरघुरत, मान ताणून हवा आत ओढण्याचा झटका म्हणजे उलटी शिंक. ती बहुधा निरुपद्रवी असते. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रे सहसा खोकत नाही, म्हणून घरी मोबाइलवर घेतलेले चित्रण सोबत न्यावे. तोंडी वर्णनापेक्षा ते कितीतरी अधिक सांगते.

वृद्ध कुत्र्यांतील सर्वांत मोठी निदानचूक हृदयाभोवती घडते. कुत्र्यांच्या एकूण हृदयविकारांपैकी सुमारे ७५ टक्के विकार मिट्रल झडपेच्या झिजेचे असतात. झडप जाड व वेडीवाकडी होते, नीट मिटत नाही, आणि प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे, डाव्या अलिंदात म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात परतते. स्टेथोस्कोपमध्ये त्याची फुसफुस ऐकू येते, तिला मर्मर म्हणतात. लहान जातींच्या कुत्र्यांत तेराव्या वर्षापर्यंत शवविच्छेदनात ८५ टक्क्यांपर्यंत झडपेची झीज आढळू शकते. म्हणजे खोकणाऱ्या म्हाताऱ्या पॉमेरेनियनच्या छातीत मर्मर सापडणे हे अपेक्षितच आहे. तेवढ्यावरून खोकला हृदयाचा ठरत नाही. तरीही मर्मर ऐकला की लघवी वाढवणारी गोळी सुरू होते आणि शोध तिथेच थांबतो.

मर्मर असूनही खोकला हृदयाचा का नसू शकतो, याचे उत्तर शरीररचनेत आहे. खोकल्याची संवेदना टिपणाऱ्या चेतातंतूंची दाटी स्वरयंत्र, श्वासनाल आणि मोठ्या श्वासनलिकांत असते. फुप्फुसाच्या खोल वायुकोशांत ती फारशी नसते. त्यामुळे हृदय अपुरे पडून फुप्फुसात पाणी साठले की त्याची मुख्य खूण खोकला नसून वेगाने चालणारा श्वास ही असते. हृदयामुळे खोकला येतो तो बहुधा वेगळ्या वाटेने : फुगलेले डावे अलिंद वरच्या डाव्या श्वासनलिकेला टेकते. ती नळी मुळातच मऊ पडलेली असेल तर खोकला अधिकच वाढतो. अशा वेळी हृदय व श्वासमार्ग दोन्ही दोषी असतात, आणि एकावरच उपचार केले तर खोकला अर्धवट राहतो.

दोहोंत फरक करणाऱ्या दोन साध्या खुणा आहेत. शांत झोपलेल्या कुत्र्याची छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजावे. एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक श्वास. निरोगी कुत्र्यात हा आकडा ३० च्या आत राहतो. तो दिवसेंदिवस चढत गेला तर फुप्फुसात पाणी साठत असल्याची शंका घ्यावी. घरच्या माणसाला करता येण्याजोगी याहून मोलाची तपासणी नाही. दुसरी खूण पशुवैद्याच्या कानाची. श्वासाबरोबर ठोके लयीत जलद-मंद होणे ही कुत्र्यात निरोगी गोष्ट आहे, आणि श्वासमार्गाच्या विकारात ती बहुधा टिकून असते. हृदय अपुरे पडू लागले की ती लय हरवते व ठोके एकसारखे जलद होतात. जोरात खोकणाऱ्या कुत्र्याचे ठोके संथ आणि लयीत चढउतार करणारे असतील, तर कारण श्वासमार्गात शोधावे.

श्वासनालीची कूर्चावलये सैल पडून ती चपटी होणे हा पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअर, पग अशा लहान जातींचा विकार. खोकला कोरडा, हंसाच्या ओरडण्यासारखा कर्कश असतो. आनंदाने उड्या मारताना किंवा गळपट्टा ओढला गेल्यावर उबळ येते. मानेतला भाग श्वास घेताना मिटतो, छातीतला भाग श्वास सोडताना. त्यामुळे एकाच क्षणी काढलेल्या एक्स-रेत दोष हुकू शकतो. दीर्घकालीन श्वासनलिकादाहातही खोकला कोरडाच वाटतो आणि कुत्रे एरवी ठणठणीत दिसते. लठ्ठपणा, घरातला सिगारेटचा, उदबत्तीचा वा डासांच्या कॉइलचा धूर यांनी तो वाढतो. वृद्ध लॅब्रेडॉरचा भुंकण्याचा आवाज घोगरा झाला, पाणी पिताना ठसका लागू लागला आणि उन्हात चालताना धाप लागली, तर स्वरयंत्राचा पक्षाघात संभवतो. अशा कुत्र्याला श्वासमार्गात अन्न जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका कायम राहतो.

फुप्फुसातील गाठ मूळची असते किंवा स्तनग्रंथी, हाडे, प्लीहा यांच्या कर्करोगातून पसरलेली असते. म्हणून कुत्रीच्या तपासणीत स्तनांवरून हात फिरवणे सोडू नये. संसर्गांपैकी हृदयकृमी डासांच्या चाव्यातून होतो. आसामसह ईशान्य भारतात तो विशेष आढळतो, आणि तिकडे राहून आलेल्या कुत्र्याची रक्तचाचणी करावी. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर तेही पशुवैद्याला सांगावे, कारण माणसाचा क्षय कुत्र्याला लागू शकतो.

तपासण्यांचा क्रम सहसा स्वस्ताकडून महागाकडे आणि भूल न देता होणाऱ्यांकडून भूल लागणाऱ्यांकडे जातो. सुरुवात छातीच्या एक्स-रेने करावी, आणि गाठीची शंका असेल तर उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर व उताणे अशा तीन स्थितींत. खाली दबलेल्या फुप्फुसातली गाठ एकाच चित्रात लपून जाते. काही मिलिमीटरच्या गाठी तरीही दिसत नाहीत, तिथे सीटी स्कॅन लागतो. हृदयाचा आकार त्याच एक्स-रेवर पाठीच्या मणक्यांच्या मापाने मोजतात. ही पद्धत ब्यूकनन व ब्यूशलर यांनी १९९५ मध्ये मांडली. बहुतेक जातींत १०.५ मणक्यांपर्यंतचे माप साधारण मानतात. पग, बुलडॉग यांत ते मुळातच जास्त भरते. डाव्या अलिंदाची खरी वाढ टू-डी एकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर ठरते. अलिंद मोठे नसेल, तर खोकल्याचे खापर हृदयावर फोडता येत नाही. श्वासनलिकेत दुर्बीण घालून द्रवाचा नमुना घेणे ही अखेरची पायरी. भूल सोसेल अशाच कुत्र्यात ती करावी.

आधी औषध देऊन पाहणे हा मार्ग सर्वत्र चालतो, पण तो फसवा आहे. स्टेरॉइड दाह कमी करते, त्यामुळे खोकला अनेक कारणांत तात्पुरता बसतो. काही प्रकारच्या गाठीही त्याने थोडा काळ लहान होतात आणि पुढची तपासणी बिघडते. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडने खोकला कमी झाला, एवढ्यावरून फुप्फुसात पाणी होते असे सिद्ध होत नाही. याउलट झडपेच्या विकारात हृदय मोठे झाल्याचे एकोवर नक्की कळले, तर पिमोबेंडान हे हृदयाचे औषध लक्षणांच्या आधीच सुरू करण्याला भक्कम आधार आहे : २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ चाचणीत त्याने हृदय अपुरे पडण्याची वेळ सरासरी सुमारे १५ महिन्यांनी पुढे ढकलली. माणसांची खोकल्याची औषधे कुत्र्याला मनाने देऊ नयेत. त्यांतील पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा झायलिटॉल हे गोडवा आणणारे द्रव्य विषारी ठरू शकते. ओल्या खोकल्यात उबळ दाबणारे औषध दिले तर कफ फुप्फुसातच राहतो.

झोपेतही श्वास वेगाने चालणे, हिरड्या निळसर पडणे, मान ताणून बसणे व आडवे न होणे, खोकताना शुद्ध हरपणे, फेसात रक्त दिसणे : यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये. अशा कुत्र्याला आधी ऑक्सिजन व विश्रांती द्यावी, एक्स-रे नंतर काढावा. घुसमटलेल्या कुत्र्याला टेबलावर जबरीने आडवे पाडले तर ते तिथेच दगावू शकते.